पांडव हे कुठले भिक्खू?

गेल्या पंधरा-वीस वर्षांत आपल्या समाजात एक नवी गोष्ट सुरू झाली आहे. पूर्वी आपल्या माणसांच्या यात्रा ठरलेल्या असत. दसऱ्याला दीक्षाभूमी, ६ डिसेंबरला चैत्यभूमी, १ जानेवारीला भीमा कोरेगाव आणि आम्हा रायगडकरांसाठी २० मार्चला महाडचे चवदार तळे. ट्रंकेत भाकऱ्या बांधून, एस.टी.च्या टपावर सामान चढवून माणसे निघत. आता त्याच घरांतली माणसे पासपोर्ट काढतात आणि लुंबिनीला, बँकॉकला, कोलंबोला जातात. रेल्वेतून, बँकेतून, महापालिकेतून निवृत्त झालेला माणूस फंडाच्या पैशातून आधी घराची गच्ची पूर्ण करतो आणि नंतर बायकामुलांना घेऊन परदेशातला एखादा प्राचीन स्तूप पाहून येतो. काही शहाणे या सहलींची चेष्टा करतात. चळवळ सोडून लोक पर्यटनाला लागले, अशी कुजबुज करतात. आम्हाला ती चेष्टा मान्य नाही. ज्यांच्या आजोबांना गावच्या वेशीबाहेर थांबावे लागत होते त्यांच्या नातवंडांनी देशाची वेस ओलांडून जग पाहावे, यात चेष्टा करण्यासारखे काय आहे? उलट आम्ही म्हणतो, कर्ज काढावे लागणार नसेल तर जरूर जावे.

प्रश्न जाण्याचा नाही. तिथे जाऊन काय पाहायचे आणि परत आल्यावर कुठे पाहायचे, हा आहे.

आमचे घर राजपुरीच्या खाडीकाठचे. मुरुडचा जंजिरा पाहायला लोक येतात ती हीच खाडी. ती जंजिऱ्यापासून आत डोंगरात शिरते. आईचे वय पंचाहत्तरीकडे झुकलेले, गुडघे कुरकुरतात, तरी तिची इच्छा एकच होती. वंदना घेताना जिचे नाव आयुष्यभर घेतले त्या संघमित्रेने लावलेला बोधिवृक्ष डोळ्यांनी पाहायचा. म्हणून २०२४ च्या मे महिन्यात, मुलांच्या सुट्टीत, आम्ही सहकुटुंब श्रीलंकेला गेलो. वैशाखी पौर्णिमा, तिकडे जिला वेसक म्हणतात, ती २३ मेला होती. कोलंबोपासून वरपर्यंत घराघरांवर कागदी कंदील. रस्त्याच्या कडेला लोक मांडव घालून येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट जेवू घालत होते. या मांडवांना तिथे दानसल म्हणतात. आपल्याकडे भीमजयंतीला सरबताचे आणि पाण्याचे स्टॉल लागतात, त्याचेच हे मोठे रूप म्हणावे. आमच्या गाडीच्या ड्रायव्हरने दर तासाला गाडी थांबवली आणि आम्ही दर तासाला काहीतरी खाल्ले.

अनुराधपूर कोलंबोपासून सुमारे दोनशे किलोमीटर. एकेकाळी हजारेक वर्षे ही लंकेची राजधानी होती. १९८२ पासून ते जागतिक वारसा यादीत आहे. तिथे गेल्यावर पहिल्यांदा डोळ्यांत भरतो तो पांढरा रंग. माणसे पांढऱ्या कपड्यांत आणि रुवनवेलिसायचा तो शंभर मीटरहून उंच स्तूपही पांढराशुभ्र. इसवी सन पूर्व दुसऱ्या शतकात दुट्ठगामणी राजाने तो बांधायला घेतला. जवळच जेतवनाराम आहे, विटांचा, न रंगवलेला. महासेन राजाने तिसऱ्या शतकाच्या अखेरीस सुरू केलेला हा स्तूप मुळात १२२ मीटर उंच होता आणि त्याला ९ कोटींहून जास्त विटा लागल्या असाव्यात, असा अंदाज आहे. गिझाचे दोन मोठे पिरॅमिड सोडले तर त्या काळच्या जगात त्याच्याहून उंच बांधकाम नव्हते. आमच्या धाकट्याने शाळेच्या पुस्तकात पिरॅमिड वाचले होते, आयफेल टॉवर वाचला होता, जेतवनाराम मात्र वाचला नव्हता. कुणी शिकवलाच नाही तर तो वाचणार कुठून?

चपला बाहेर काढाव्या लागतात, टोपीही काढावी लागते. मे महिन्याच्या उन्हात तिथली वाळू अशी तापते की मुले नाचतच चालत होती. आई मात्र संथपणे चालली. महाबोधीचे झाड प्रत्यक्षात फार मोठे नाही. उंच ओट्यावर, सोनेरी टेकूंनी सावरलेल्या त्याच्या फांद्या. परंपरा सांगते की इसवी सन पूर्व तिसऱ्या शतकात अशोकाची मुलगी थेरी संघमित्रा हिने बोधगयेच्या बोधिवृक्षाची फांदी इथे आणून लावली. माणसाच्या हाताने लावलेले, लावल्याची नोंद असलेले, आणि आजही जिवंत असलेले हे जगातले सर्वांत जुने झाड मानले जाते. नागपूरच्या दीक्षाभूमीवर जो बोधिवृक्ष आहे तो याच अनुराधपूरच्या वंशातला. भदन्त आनंद कौसल्यायन यांनी त्याची रोपे तिथून आणली. म्हणजे बोधगयेहून लंका आणि लंकेहून नागपूर असा एका झाडाचा प्रवास आहे. आमच्या भूमीवर जे उखडले गेले ते शेजाऱ्याने आपल्या अंगणात बावीसशे वर्षे पाणी घालून जगवले आणि मागितल्यावर परत दिले. लंकेचे हे ऋण मोठे आहे आणि ते मान्य करण्यात आम्हाला कमीपणा वाटत नाही.

पण भाविकतेने डोळे मिटून घ्यावेत, असे बाबासाहेबांनी आम्हाला शिकवलेले नाही. ते स्वतः १९५० च्या मे महिन्यात माईसाहेबांसह लंकेला गेले होते. जागतिक बौद्ध परिषदेच्या निमित्ताने ही भेट होती. ते तिथे केवळ पूजा पाहायला गेले नव्हते. तिथला धम्म लोकांच्या जगण्यात किती उतरला आहे हे त्यांना पारखायचे होते. कोलंबोत त्यांनी भारतात बौद्ध धम्माचा उदय आणि ऱ्हास कसा झाला, यावर भाषण केले. तीच पारखण्याची नजर घेऊन आपणही जावे, म्हणजे पांढऱ्या स्तूपामागची सावलीही दिसते. १७५३ साली सयामहून, म्हणजे आजच्या थायलंडमधून, भिक्खू आले आणि लंकेत मोडलेली उपसंपदेची परंपरा पुन्हा सुरू झाली. त्यातून सियाम निकाय निर्माण झाला. पुढे काही वर्षांतच या निकायात उपसंपदा फक्त गोविगम या वरच्या शेतकरी जातीच्या माणसालाच द्यायची, असे ठरले. तथागताच्या संघात जात! ज्या संघात उपाली न्हावी शाक्य राजपुत्रांच्या आधी दाखल झाला, त्या संघात! खालच्या गणलेल्या जातींनी हे निमूट सोसले नाही. दालचिनी सोलणाऱ्या सलागम जातीतले भिक्खू समुद्र ओलांडून ब्रह्मदेशात गेले, तिथे उपसंपदा घेऊन परतले आणि १८०३ साली अमरपूर निकाय उभा राहिला. हे आपल्या माणसांनी लंकेच्या भूमीवर उभे राहून एकमेकांना सांगितले पाहिजे. तिथे नुसते फोटो काढून परत येऊ नये. सांगायचे आणखीही आहे. १४ मे १९८५ रोजी याच अनुराधपुरात तामिळ वाघांनी यात्रेकरूंवर गोळ्या झाडल्या. त्या दिवशी शंभराहून जास्त निरपराध माणसे मेली. २००९ पर्यंत चाललेल्या त्या यादवी युद्धात तामिळ माणसेही हजारोंनी मारली गेली आणि चीवर घातलेले काहीजण त्या युद्धाला आशीर्वाद देत होते. मैत्री शिकवणाऱ्या धम्माला बहुसंख्येची सत्ता चिकटली की काय होते, हे तिथे दिसते. आमच्या देशात दुसऱ्या धर्माच्या बाबतीत ते रोज दिसतेच आहे.

असो. मुद्दा आमच्या खाडीचा आहे, तिकडे वळतो.

महाबोधीच्या आवारात, सावलीला, एक वृद्ध सिंहली उपासिका आईशेजारी येऊन बसली. हातात निळी कमळे. तिला थोडे इंग्रजी येत होते, आमच्या मुलीला बरे येते, त्यामुळे दोघी म्हाताऱ्यांचे संभाषण नातीमार्फत चालले. कुठून आलात, मुले किती, गुडघे दुखतात का, असे सगळे झाले. मग तिने विचारले, तुम्ही तर बुद्धाच्या देशातल्या, तुमच्या गावाजवळ भिक्खूंची जुनी जागा आहे का? आईने चटकन सांगितले, "हायत की. आमच्या खाडीच्या वर डोंगरात पांडवांची लेनी हायत. एका रातीत कोरली म्हनतात, कोंबडा आरवला नि काम अर्धं राह्यलं." मुलीने जसेच्या तसे सांगितले. म्हातारीने लक्ष देऊन ऐकले आणि अगदी साध्या कुतूहलाने विचारले, "हे पांडव कुठले भिक्खू?"

तिच्या प्रश्नात टोमणा नव्हता. तिच्या जगात डोंगर कोरून खोल्या करणारे लोक म्हणजे भिक्खू आणि त्यांना दान देणारे उपासक. त्यामुळे पांडव हे कुणा थेरांचे नाव असणार, असा तिने सरळ अर्थ लावला. महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यात बौद्ध लेण्यांना चिकटवलेला हा शब्द, नाशिकला पांडवलेणी, महाडला पांडवलेणी, आमच्या खाडीवरही पांडवांचीच. तो एका परदेशी म्हातारीने चार शब्दांत उघडा पाडला. आमच्या आईचा यात काय दोष? ती आठ-नऊ वर्षांची असताना, धर्मांतराच्या आगेमागे, गुरे चारायला त्या डोंगराच्या अंगाने जात असे. तिला जे सांगितले गेले ते तिने लक्षात ठेवले. तिच्या पिढीला लेण्यातली अक्षरे वाचून दाखवायला कुणी आले नाही. ज्यांना वाचता येत होती त्यांनी इंग्रजीत पुस्तके लिहिली आणि ती पुस्तके मुंबई-पुण्याच्या ग्रंथालयांत राहिली.

आता ती अक्षरे काय सांगतात ते पाहू. पण त्याआधी लंकेच्याच एका ग्रंथाकडे जावे लागते. महावंस हा लंकेतला पाली ग्रंथ. त्यात लिहिले आहे की पाटलिपुत्राच्या तिसऱ्या संगीतीनंतर मोग्गलिपुत्त तिस्स थेरांनी दिशादिशांना धम्मप्रचारक पाठवले. महिंद थेर लंकेला गेले, हे सर्वांना ठाऊक असते. पण त्याच यादीत महाधम्मरक्खित थेर महारट्ठात, म्हणजे महाराष्ट्रात आले, आणि योन धम्मरक्खित थेर अपरान्तात आले. अपरान्त म्हणजे पश्चिमेचा किनारा, आपले कोकण. योन म्हणजे यवन, ग्रीक. म्हणजे एक ग्रीक माणूस भिक्खू होऊन आमच्या किनाऱ्यावर धम्म सांगायला आला, अशी लंकेच्या ग्रंथात नोंद आहे. सोपाऱ्याला अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे सापडले आणि १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप उकरला, तेव्हा या नोंदीला मातीतून दुजोरा मिळाला. अनुराधपूर आणि कोकण एकाच संगीतीची लेकरे आहेत. लंकेने वंशावळ लिहून ठेवली. आम्ही दगडावर लिहिली आणि तो दगड वाचणे सोडून दिले.

लेणी ज्या गावाच्या डोंगरात आहेत त्याचे नाव कुडे. कुणी कुडा म्हणतात. आता ते तळा तालुक्यात येते. मुंबई-गोवा रस्त्यावर इंदापूरहून तळ्याकडे वळायचे आणि पुढे मांदाडच्या दिशेने जायचे. डोंगराच्या कुशीत दोन थरांत मिळून २६ लेणी. खाली खाडीचे पाणी दिसते. लेणी पहिल्या ते तिसऱ्या शतकाच्या दरम्यान कोरली गेली, काही बुद्धमूर्ती नंतर पाचव्या-सहाव्या शतकात कोरल्या. सहाव्या लेण्याच्या दर्शनी भागात दगडी हत्ती आहेत, झिजलेले, मोडलेले. अनुराधपूरच्या स्तूपांपुढे हे सारे आकाराने लहानच. एका खोलीत एक दगडी ओटा, बाहेर ओसरी, बाजूला पाण्याचे टाके. एवढ्या लहान जागेत काय पाहायचे, असे वाटणाऱ्याने भिंतीवरची ब्राह्मी अक्षरे पाहावीत.

लंकेतले महास्तूप राजांचे आहेत. दुट्ठगामणीचा, महासेनाचा. राजाचे नाव राहिले, नऊ कोटी विटा भाजणाऱ्यांची नावे गेली. कुड्याची गोष्ट वेगळी आहे. इथे मांदाडचे महाभोज हे स्थानिक सत्ताधारी होते. त्यांची नावे लेखांत येतात खरी, पण बऱ्याच लेण्यांत ती केवळ आमचा धनी कोण हे सांगण्यापुरती येतात. दान दुसऱ्याच माणसांचे आहे. एक लेणे माळ्याचे आहे, प्राकृतात मालाकाराचे. एक लेणे लोखंडाच्या व्यापाऱ्याचे, लोहवाणियाचे. तो करहाकडचा म्हणजे कऱ्हाडचा, नाव महिक. घाट उतरून, खाडी गाठून, लोखंडाच्या नफ्यातून त्याने इथे दान केले. एक लेणे वैद्य सोमदेवाचे, आणि लेखात त्याच्यासोबत त्याचे मुलगे आहेत आणि मुलीही आहेत, नावानिशी: इसिपालिता, पुसा, धम्मा, सपा. व्यापारी आहेत, सार्थवाह म्हणजे तांड्यांचा नायक आहे. एका ब्राह्मण उपासकाची बायको भयिला हिने चैत्यगृह दिले आहे. याचा अर्थ त्या काळी ब्राह्मणही उपासक होते आणि त्यांच्या घरातली स्त्री आपल्या नावाने दान लिहवून घेत होती. आज अनेक घरांतल्या सातबाऱ्यावर बाईचे नाव चढवायला तलाठ्याकडे किती खेटे घालावे लागतात, ते वाचकांना सांगायला नको.

सहाव्या लेण्याचा लेख आम्हाला सर्वांत जवळचा वाटतो. महाभोजाच्या पदरी शिवभूती नावाचा लेखक होता. लेखक म्हणजे कारकून, दप्तर सांभाळणारा. त्याने एक लेणे दिले. त्याचा धाकटा भाऊ शिवमा. या सहाव्या लेण्याचा दाता तो. पण एकट्याचे नाव त्याने घातले नाही. बायको विजया, मुलगे आणि मुली, सगळे त्या दानात सामील आहेत. म्हणजे एका कारकुनाच्या भावाचे सगळे कुटुंब अठराशे-एकोणीसशे वर्षे त्या भिंतीवर एकत्र उभे आहे. आमच्या मुलीने, परत आल्यावर नोव्हेंबरात तिथे नेले तेव्हा, विजया हे अक्षर शोधून काढायला अर्धा तास घेतला. तिच्या मोबाईलमध्ये ब्राह्मीची अक्षरमाला होती. आजीला खाली सावलीत बसवले होते. ती तिथूनच विचारत होती, "गावलं का गं बाय नाव?"

आणखी एक लेख आहे. नाव पदुमनिका. ती भिक्खुणी. तिची आई नागनिका, तीही भिक्खुणी. तिच्या शिष्या बोधी आणि असाळ्हमिता. या बायांनी मिळून लेणे आणि पाण्याचे टाके दिले. टाक्याला लेखात पोढी असा शब्द आहे. लक्षात घ्या, बाया आहेत, संसार सोडलेल्या आहेत, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या तहानेची सोय करत आहेत. अनुराधपुरात संघमित्रेपुढे डोके टेकवणाऱ्या आमच्या आईला पदुमनिका तिच्या माहेरच्या डोंगरात होती हे पंचाहत्तराव्या वर्षी समजले.

भाषेचेही पाहा. लेखात लेण हा शब्द आहे, आजही आपण लेणे म्हणतो. ओवरक आहे, तो ओवरी झाला आणि कालपरवापर्यंत कोकणातल्या घरांत बायकांच्या तोंडी होता. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा सत्कार झाले, हार-तुरे झाले. मराठीच्या या पूर्वज भाषेत आपले नाव लिहवून ठेवणारा माळी, लोहार-वाणी, वैद्य, कारकुनाची बायको आणि भिक्खुणी यांचा उल्लेख कुठल्या सत्कारात झाला? नाशिकच्या लेण्यांत तर मुगुदास नावाच्या मच्छीमाराने आपल्या परिवारासह लेणे दिल्याचा लेख आहे. दासक असा शब्द आहे. रायगडच्या किनाऱ्यावरच्या कोळी बांधवांना ही गोष्ट कुणी सांगितली आहे का? पालखीला, जत्रेला त्यांना बोलावणारे पुष्कळ आहेत. तुझ्या धंद्याच्या माणसाने डोंगर कोरवून संघाला दिला होता, हे सांगणारे मात्र थोडे.

पांडवांच्या कथेचा आम्हाला राग नाही. कथा ही कथा असते, लोक सांगतात, ऐकतात. पण एका रात्रीत देवांच्या वरदानाने कोरले म्हटले की छिन्नी धरणारा पाथरवट गेला, त्याला मजुरी देणारा माळी गेला, पाण्याचे टाके देणारी भिक्खुणी गेली. कष्ट आणि दान दोन्ही पुसले गेले. हे पुसणे अडाण्यांनी केलेले नाही, ते हळूहळू झाले आणि कुणाच्या तरी सोयीचे होते म्हणून टिकले. नाव बदलले की मालक बदलतो, हा या देशातला जुना व्यवहार आहे.

याच रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यात, घारापुरीचे बेट आहे. परदेशातली कुटुंबे आपल्याकडे सहलीला येतात तेव्हा गेट वे ऑफ इंडियावरून लाँचने तिथेच जातात. १९८७ पासून घारापुरीही जागतिक वारसा आहे. आम्ही अनुराधपूर पाहायला जातो तसे ते घारापुरी पाहायला येतात. मोठ्या लेण्यातली ती तीन मुखांची भव्य शिवमूर्ती पाहतात, पाहावी अशीच आहे, आणि दुपारच्या लाँचने परत जातात. बेटाच्या पूर्वेकडच्या टेकडीवर विटांच्या स्तूपाचे अवशेष आणि बौद्ध लेणी आहेत, हे त्यातल्या किती जणांना कळते? शैव शिल्पाच्या आधी त्या बेटावर बुद्धाचा स्तूप होता, एवढे एक वाक्य सांगायला काय हरकत आहे? त्याने शिवमूर्तीचे सौंदर्य रतिभरही कमी होत नाही. आणि पाहुण्यांचे एक वेळ सोडा. बेटावर राहणाऱ्या शेतबंदर, राजबंदर, मोराबंदर या वस्त्यांना वीज मिळायला २०१८ साल उजाडावे लागले. समोर मुंबईचे दिवे झगमगत असताना जागतिक वारशाच्या गावात चिमण्या पेटत होत्या. वारसा म्हणजे फक्त दगड, माणसे नव्हेत, अशीच ही समजूत.

आता महाडकडे येऊ. डिसेंबर १९२७ च्या परिषदेला बाबासाहेब मुंबईहून निघाले ते समुद्रमार्गे. मोटारवाल्यांनी सहकार्य नाकारले होते, म्हणून बोट. ती आमचाच किनारा डावीकडे ठेवून खाली गेली, सावित्रीच्या मुखातून आत शिरली आणि मंडळी दासगाव बंदराला उतरली. चौल गेले असेल, राजपुरीची खाडी गेली असेल. चौल म्हणजे जुने चेमुल. ग्रीक खलाशांच्या पुस्तकांत ते सेमुल्ला म्हणून येते आणि कान्हेरीच्या लेखांत चेमुलचे दाते सापडतात. ज्या बंदरांतून पैसा कमावून माणसांनी संघाला लेणी दिली, त्याच बंदरांवरून, पाणी पिण्याचा हक्क मागायला निघालेल्या माणसांची बोट पुढे गेली. दासगावहून महाड जवळ. आणि महाडच्या वेशीवर, हमरस्त्याच्या अगदी वर, गांधारपाल्याची लेणी आहेत. तिथेही एक लेख आहे. कुमार काणभोज वेण्हुपालित याने लेणे, चैत्यगृह, ओवऱ्या आणि पाण्याची टाकी दान दिल्याची त्यात नोंद आहे. वर डोंगरात पाण्याची टाकी खुली करून दिल्याचा लेख, आणि खाली गावात १९२७ साली तळ्याला हात लावला म्हणून लाठ्या. मधे साधारण सतराशे वर्षे आणि दोन-तीन किलोमीटरचे अंतर.

दरवर्षी २० मार्चला महाडला लाखो पावले येतात. गाड्या त्याच लेण्यांखालून जातात. कित्येकांना खिडकीतून डोंगरातली ती काळी दारे दिसतातही. शेजारचा सांगतो, पांडवलेणी.

यंदा आमच्या वाडीतल्या पोरांनी ठरवले आहे की महाडला जाताना एक दिवस आधी निघायचे. १९ मार्चला सकाळी इंदापूरला उतरून कुडे गाठायचे, दुपारच्या आत लेणी पाहायची, कारण मार्चमधले ऊन डोंगरावर टिकू देत नाही. पाणी खालून न्यायचे. टाक्यांतले पाणी पिऊ नये. सहाव्या लेण्यापासून सुरुवात करायची, लेख डोळ्यांच्या उंचीवर नसतील तर सकाळचे तिरपे ऊन असताना अक्षरे चांगली उठून दिसतात. भिंतीला खडू, तेल, कुंकू, निळ काही लावायचे नाही आणि मेणबत्ती दगडाला चिकटवायची नाही. आपल्याच माणसांना हे सांगावे लागते. रात्री महाडला मुक्काम, आणि २० तारखेला तळ्यावर जाण्याआधी पहाटे गांधारपाले. मुलीने दात्यांची नावे ब्राह्मीत आणि देवनागरीत अशी दोन रकान्यांत एका कागदावर लिहिली आहेत आणि त्याच्या झेरॉक्स काढल्या आहेत. तालुक्याच्या ठिकाणी एक अर्जही दिला आहे: प्रत्येक लेण्यापाशी दात्याचे नाव, त्याचा धंदा आणि लेखाचा मराठी अर्थ सांगणारा फलक असावा. अर्जाखाली पहिली सही आईची आहे. तिने ती थोडी थरथरत्या हाताने केली आणि मग विचारले की फलकावर त्या बायांची नावे आधी लिहितील की शेवटी.